जवळचा दाता कोण?

ब्रिटनने १९८९ मध्ये आणि भारताने १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. जिवंत माणसाने आपली किडनी कोणाला द्यावी हे ठरवताना दोन्ही कायद्यांनी जवळच्या नातेवाइकांची यादी दिली. या याद्या शेजारी ठेवून वाचल्या की माणूस बुचकळ्यात पडतो. ब्रिटिश यादीत काका, मामा, आत्या, मावशी, पुतणे, भाचे होते, इतकेच काय, चुलत आणि मामे-आते भावंडेही होती. नवरा-बायको मात्र नव्हते. बायकोला नवऱ्याला किडनी द्यायची तर परक्या दात्यांसाठी नेमलेल्या खास प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागे. भारतीय यादी नवरा-बायकोपासूनच सुरू झाली. पाठोपाठ मुलगा, मुलगी, वडील, आई, भाऊ, बहीण आले आणि यादी संपली. सख्ख्या मामाला तिथे जागा नव्हती. ब्रिटनने रक्त पाहिले, भारताने घर पाहिले. दोघांना अडवायचा होता तो मात्र एकच व्यवहार, किडनीची खरेदी-विक्री. लंडनमध्ये तुर्कस्तानातून गरीब माणसे आणून त्यांच्या किडन्या विकत घेतल्याचे उघड झाले, तेव्हा ब्रिटिश कायदा घाईघाईने आला. भारतीय कायद्यामागे मुंबई-चेन्नईचा बाजार होता. माझे म्हणणे असे की, ‘जवळचा’ आणि ‘परका’ हा भेद प्रत्यारोपणाच्या इतिहासात दोन निरनिराळ्या कामांसाठी वापरला गेला: आधी शरीर किडनी स्वीकारील का हे सांगण्यासाठी, आणि नंतर ती विकत घेतलेली नाही याची खात्री पटवण्यासाठी. पहिले काम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरेचसे संपले आहे, दुसरे संपलेले नाही. या दोहोंची गल्लत केली की निकालांचे आकडेही चुकीचे वाचले जातात आणि घराघरांतले निर्णयही चुकतात.

पहिले काम खरे होते, याबद्दल वाद नाही. १९३३ मध्ये सोव्हिएत युक्रेनमधल्या खेर्सन इथे युरी वोरोनॉय यांनी मृत माणसाची किडनी एका रुग्णाला बसवली. रक्तगटही जुळत नव्हता. रुग्ण दोन दिवसांत गेला. १९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात एका सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईची किडनी बसवली. पडून त्याची किडनी फुटली होती, ती काढून टाकल्यावर कळले की त्याला जन्मतः तेवढी एकच होती. आईची किडनी लगेच काम करू लागली आणि तीन आठवड्यांनी बंद पडली. शरीर परकी कातडी का झिडकारते याचा उलगडा पीटर मेडावार यांनी १९४० च्या दशकात केला होता. त्यावरून हिशेब सरळ होता: दोन शरीरांत जनुकीय फरक जितका कमी तितकी आशा जास्त, आणि फरक अजिबात नसेल तर झिडकारण्याचा प्रश्नच नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली, ती याच हिशेबाने. भाऊ खरोखरच एकसारखे जुळे आहेत ना, हे पाहण्यासाठी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता, आणि दोघांना पोलीस ठाण्यात नेऊन बोटांचे ठसेही घेतले होते. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. प्रत्यारोपण यशस्वी होते हे जगाला पहिल्यांदा दिसले ते रक्ताच्या नात्याच्या या टोकाला, आणि ‘किडनी द्यावी ती रक्ताच्या माणसानेच’ हा समज त्या दिवसापासून रुजला.

रक्ताबाहेर जायचे प्रयत्नही लवकर सुरू झाले. प्रतिकारशक्ती दाबणारी अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधे आली तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्व्हरमध्ये टॉमस स्टार्झल यांनी कोलोरॅडोच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या किडन्या वापरून पाहिल्या. कैदी आपखुशीने पुढे आले असे म्हटले जाई. परक्या दात्यांच्या किडन्यांचे निकाल नातेवाइकांच्या किडन्यांपेक्षा उघडच वाईट आले, आणि गजाआडच्या माणसाच्या खुशीला कितपत अर्थ आहे हा प्रश्नही उभा राहिला. ती प्रथा सोडून द्यावी लागली. दरम्यान १९५८ मध्ये पॅरिसच्या झाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरचा पहिला ‘एचएलए’ प्रतिजन ओळखला होता, आणि नात्यामागचे गणित मांडता येऊ लागले. हे प्रतिजन ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि बहुतेक वेळा गठ्ठ्यानेच वारशात येतात, एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे आईवडील आणि मूल यांची जुळणी नेहमी अर्धी. सख्ख्या भावंडांत मात्र चारांत एकाची जुळणी पूर्ण, दोघांची अर्धी, आणि एकाची शून्य. म्हणजे एकाच आईच्या पोटची दोन भावंडे या बाबतीत एकमेकांना वाटेवरच्या अनोळखी माणसाइतकी परकी असू शकतात. ‘नातेवाईक दाता’ हा एकसंध गट नाही, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. आकड्यांच्या तक्त्यात मात्र पूर्ण जुळणारी बहीण, अर्धे जुळणारे वडील आणि अजिबात न जुळणारा भाऊ यांना कित्येकदा एकाच रकान्यात बसवले जाते, आणि त्या रकान्याची सरासरी घेऊन लोक रक्ताची थोरवी सांगतात.

यात आणखी एक पेच आहे. १९६९ मध्ये रमण पटेल आणि पॉल तेरासाकी यांनी एका साध्या चाचणीची किंमत दाखवून दिली. रुग्णाच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, छोट्या खळग्यांच्या ताटलीत दात्याच्या पांढऱ्या पेशींवर थेंबभर टाकायचा, त्यात सशाच्या सीरममधून मिळालेले पूरक घटक मिसळायचे, आणि थोड्या वेळाने रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असतील तर पेशी मरतात आणि रंग शोषून घेतात. हीच क्रॉसमॅच. चाचणी प्रतिकूल असूनही ज्या ३० जणांचे प्रत्यारोपण झाले होते त्यांतल्या २४ जणांची किडनी तिथल्या तिथे निकामी झाली. चाचणी अनुकूल असलेल्या १९५ जणांत हे फक्त आठांच्या बाबतीत घडले. अशी प्रतिपिंडे रक्त चढवल्याने होतात, आधीच्या प्रत्यारोपणाने होतात, आणि गरोदरपणातही होतात. गर्भात वडिलांचा गठ्ठा असतो. आईचे शरीर त्याच्याशी ओळख करून घेते आणि कधी कधी त्याच्याविरुद्ध शस्त्रे परजते. त्यामुळे लेकरे झालेल्या बाईला नवऱ्याची किंवा स्वतःच्या मुलाची किडनी चालणार नाही, असे होऊ शकते, आणि कोणा तिऱ्हाइताची चालून जाते. संसार आणि मातृत्व यांतूनच इथे अडथळा तयार होतो. नाते जितके जवळचे तितके शरीर राजी, हा सरळ नियम इथेच मोडतो.

नियम पुरता हलला तो औषधांनी आणि मोजणीने. नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले. १९७८ मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी ते रुग्णांना दिले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. १९९० च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आले. जुळणी कमी असली तरी सांभाळून घेता येईल, असे दिवस आले. मग १९९५ मध्ये तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीतले आकडे प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी चालू असलेल्या किडन्यांचे प्रमाण असे होते: नवरा किंवा बायकोने दिलेल्या ३६८ किडन्यांपैकी ८५ टक्के, इतर परक्या जिवंत दात्यांच्या १२९ पैकी ८१ टक्के, आईवडिलांनी दिलेल्या ३,३६८ पैकी ८२ टक्के, आणि मृत दात्यांच्या ४३,३४१ पैकी ७० टक्के. जोडीदाराची जुळणी आईवडिलांपेक्षा बरीच वाईट असते, तरी निकाल त्यांच्या तोडीस तोड. मृत दात्याची किडनी आणि जोडीदाराची किडनी दोन्ही जनुकीय अर्थाने परक्याच, तरी त्यांच्यात पंधरा टक्क्यांचे अंतर. फरक जनुकांत नव्हता, मग कुठे होता? तपासून निवडलेल्या धडधाकट माणसाची किडनी ठरल्या वेळी काढली जाते आणि थोड्याच अवधीत बसवली जाते. चिमटे सोडले की करडी पडलेली किडनी गुलाबी होते आणि अनेकदा टेबलावरच लघवी सुटते. मेंदूमृत माणसाच्या शरीरात मरणाच्या वेळची रक्तदाबाची उलथापालथ होऊन गेलेली असते, आणि किडनीला बर्फात तासन्‌तास काढावे लागतात. जिवंत किडनी आणि मृताची किडनी यांतली दरी नातेवाईक आणि परका यांतल्या दरीपेक्षा रुंद निघाली.

हाच काळ भारतात अगदी उलट धडा देत होता, असे वरवर वाटते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये किडनी प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला होता. पहिले यश १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मिळाले. सायक्लोस्पोरिन आले तसा १९८० च्या दशकात मुंबई, चेन्नई, बंगळूर इथे किडनीचा बाजार उभा राहिला. चेन्नईच्या विल्लिवाक्कम वस्तीला किडन्या विकणाऱ्यांची वस्ती म्हणूनच लोक ओळखू लागले. मुंबईत आखाती देशांतून रुग्ण येत. १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत किडनी विकत घेऊन परतलेल्या, संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधल्या सुमारे १३० रुग्णांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये छापून आला. वर्षभरात त्यांतले सुमारे १८ टक्के दगावले होते, आणि काहींना किडनीबरोबर एचआयव्ही आणि कावीळ ब यांची लागणही झाली होती. त्या काळी चांगल्या केंद्रांत जिवंत दात्याची किडनी घेतलेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिले वर्ष सुखरूप पार करत. ‘परक्याची किडनी लाभत नाही’ या समजाला यातून जणू पुरावाच मिळाला. पण परकेपणामुळे कावीळ होत नाही. एचआयव्ही येतो तो दात्याचे रक्त नीट न तपासल्यामुळे. आणि दाता पैशासाठी आला असेल तर आपला आजार लपवणे त्याच्या फायद्याचे असते, तो न शोधणे दलालाच्या फायद्याचे. मुंबईच्या आकड्यांनी बाजाराचा निकाल सांगितला, वाचणाऱ्यांनी तो नात्याचा निकाल म्हणून वाचला. त्याच सुमाराला अमेरिकेत तितक्याच परक्या, पण तपासलेल्या आणि विकत न घेतलेल्या किडन्या उत्तम चालत होत्या.

१९९४ चा कायदा या पार्श्वभूमीवर आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला कायदा करण्याची विनंती राज्यांनी करावी लागते. ती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांनी केली, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून कायदा आधी याच तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. जवळच्या नातेवाइकांच्या यादीत नवरा-बायकोला घेतले, तेव्हाच यादीचा हेतू स्पष्ट झाला होता, कारण जनुकांच्या हिशेबाने नवरा-बायको एकमेकांना परकेच. यादी पाहत होती ती, कोण पैसे न घेता देईल हे. यादीबाहेरच्या माणसालाही आपुलकी, जिव्हाळा किंवा अन्य खास कारणाने देण्याची वाट ठेवली होती, फक्त त्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागे. बाजार याच दोन वाटांनी आत शिरला. ड्रायव्हर, मोलकरीण, दूरचा ‘मानलेला भाऊ’ अचानक जिव्हाळ्याने भरून येऊ लागले. समित्या कडक झाल्या, तशी खोटी नाती तयार झाली. आई आणि मुलाचे नाते एचएलए किंवा डीएनए चाचणीत उघडे पडते. नवरा-बायकोचे नाते कागदावरच सिद्ध करावे लागते, विवाह प्रमाणपत्र, लग्नाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात गाजलेल्या प्रकरणांत पैशासाठी किडनी देणारी बाई कागदावर रुग्णाची बायको झालेली होती. जो पुरावा नात्याचा म्हणून मागितला जातो, तो विकत मिळू शकतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जाणकारांचा: पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची किडनी आजही सर्वांत जास्त वर्षे चालते, आणि जुळणीचा परिणाम नव्या औषधांच्या काळातही पुसला गेलेला नाही, हे हायडेलबर्गच्या गेरहार्ड ओपेल्झ यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीने दाखवले आहे. हे खरे आहे आणि मान्य केले पाहिजे. लहान वयाच्या रुग्णाबाबत तर ते फारच महत्त्वाचे. त्याला आयुष्यात दुसऱ्या किडनीची गरज पडणारच. पहिली न जुळणारी असेल तर ती निकामी होताना रक्तात प्रतिपिंडे ठेवून जाते आणि दुसरा दाता शोधणे कठीण होते. पण हा आक्षेप जुळणीच्या बाजूने आहे, नात्याच्या नव्हे. पूर्ण जुळणारे भावंड असेल, निरोगी असेल आणि मनापासून तयार असेल तर त्याला पहिला मान द्यावा. तसे नसेल तर पासष्टीच्या आईची अर्धी जुळणारी किडनी की चाळिशीच्या बायकोची न जुळणारी, हा प्रश्न नात्याने सुटत नाही. दात्याचे वय, रक्तदाब, किडनीची ताकद आणि क्रॉसमॅच यांना तिथे जास्त वजन आहे. भारतात त्यावर आणखी एक गोष्ट बसते: प्रत्यारोपणानंतर क्षयरोगासारखे संसर्ग, आणि पैसे संपल्यामुळे औषधे मध्येच सुटणे. कितीही सख्खी किडनी असली तरी गोळ्या थांबल्या की ती टिकत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलट दिशेने येतो. परक्याची किडनी इतकी चांगली चालत असेल, तर तपासण्या नीट करून, सरकारी देखरेखीखाली विक्रीला परवानगी का देऊ नये? इराणने १९८८ पासून तशी व्यवस्था चालवली आहे. इथे निकाल कोणाचा मोजायचा, हा प्रश्न आहे. प्रत्यारोपणाच्या तक्त्यांत रुग्णाची किडनी किती वर्षे चालली हे असते, देणाऱ्याचे काय झाले याचा रकाना क्वचितच असतो. तो रकाना चेन्नईत भरला गेला. किडनी विकलेल्या ३०५ जणांचा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यांतल्या ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती, हाती सरासरी १,०७० डॉलर आले होते. विक्रीनंतर कुटुंबाचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले होते, चारांतल्या जवळजवळ तिघांवर कर्ज तसेच होते, आणि ८६ टक्क्यांनी तब्येत ढासळल्याचे सांगितले. ज्या कर्जासाठी किडनी गेली ते कर्ज फिटले नाही आणि कमावण्याची ताकद गेली. रुग्णाची किडनी पंचवीस वर्षे चालली तरी या व्यवहाराला यश म्हणता येणार नाही. विक्री अडवण्याचे कारण परक्या किडनीचे निकाल वाईट असतात हे कधी नव्हतेच; विकणाऱ्याचे निकाल वाईट असतात हे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत बोचरा वाटतो. घरात पैसा हात बदलत नाही, पण दबाव नसतो असे कोणी सांगितले? राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या आकड्यांनुसार १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या सुमारे साडेछत्तीस हजार प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या स्त्रिया सात हजारांच्या आत होत्या. जिवंत दात्यांत मात्र बायका आणि आयाच अधिक. कमावता पुरुष वाचला पाहिजे, बाईचे काय, ती घरीच असते, हे न बोलता ठरते. नात्याची यादी दलालाला काही प्रमाणात अडवते. सासरच्या बैठकीला अडवत नाही. रक्ताच्या नात्यात दात्याला एक वेगळा धोकाही असतो. २०१४ मध्ये नॉर्वेतल्या १,९०१ किडनीदात्यांच्या दीर्घ पाठपुराव्यात नऊ जणांची उरलेली किडनी निकामी झालेली आढळली, आणि ते सगळे आपल्या रुग्णांचे रक्ताचे नातेवाईक होते. किडनीचे कित्येक आजार घराण्यात चालतात. ज्या भावाला वाचवायचे त्याच्याच आजाराचे बीज देणाऱ्यात असू शकते. प्रमाण थोडे असले तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे: दात्याच्या बाजूने पाहिले तर इथे धोका रक्ताच्या नात्यात होता.

कायदेही हळूहळू या दिशेने सरकले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये जिवंत दाता साधारणपणे जनुकीय नात्यातला असावा असे म्हटले होते. २०१० च्या सुधारित तत्त्वांत जनुकीय, कायदेशीर किंवा भावनिक नात्यातला, असा विस्तार झाला. भारताने २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडांना यादीत घेतले, शिक्षा वाढवली, आणि अदलाबदल प्रत्यारोपणाला जागा दिली. एका जोडप्यात बायकोचा रक्तगट नवऱ्याला चालत नाही, दुसऱ्या जोडप्यातही तीच अडचण. मग पहिलीची किडनी दुसऱ्याला आणि दुसरीची पहिल्याला. फेलिक्स रॅपापोर्ट यांनी ही कल्पना १९८६ मध्ये मांडली आणि दक्षिण कोरियाने १९९१ मध्ये ती अमलात आणली. यात प्रत्येक रुग्णाच्या पोटात तिऱ्हाइताची किडनी असते, आणि तरीही प्रत्येक दाता आपल्याच माणसासाठी देत असतो. शरीराला नाते लागत नाही आणि हेतूची खात्री मात्र नात्यावरून पटवून घेतली जाते, हे दोन्ही कायद्याने एकाच कलमात मान्य केले आहे.

यावरून समित्यांनी आणि घरांनी काय करावे, हे निघते. घरच्यांनी ‘रक्ताचा कोण’ हा प्रश्न जुळणीच्या तपासणीवर सोपवावा, आणि परक्या घरातून आलेल्या सुनेला ‘तुझी किडनी लागणार नाही’ किंवा भावाला ‘तूच द्यायला हवीस’ असे ऐकवणे थांबवावे; दोन्ही वाक्यांना आता वैद्यकीय आधार उरलेला नाही. समित्यांनी लग्नाचे फोटो पाहावेतच, पण दात्याशी एकटीने, घरच्यांना बाहेर बसवून, तिच्या भाषेत बोलण्याला फोटोंपेक्षा जास्त वेळ द्यावा. आणि दाता रुग्णालयातून घरी गेल्यावर त्याची नोंद बंद होऊ नये. नॉर्वेला ते नऊ जण सापडले, कारण तिथे दात्यांचा माग वर्षानुवर्षे ठेवला जातो. २०११ च्या दुरुस्तीने आपल्याकडेही दाते आणि रुग्ण यांच्या राष्ट्रीय नोंदणीची तरतूद केली आहे. तीत प्रत्येक दात्याचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि त्याची कमाई शस्त्रक्रियेनंतर पाच, दहा, वीस वर्षांनी लिहिली गेली, तर जवळचा दाता बरा की परका, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला बोस्टनच्या जुळ्यांवरून आणि आखाती रुग्णांच्या जुन्या आकड्यांवरून काढावे लागणार नाही.